माझ्या तोंडची मूठ

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा टोप आहे. सांडशीने माझा काठ जागोजागी चेपलाय, बुडाला पोचे आलेत, आणि आधीच कबूल करून टाकतो मित्रांनो, मी मोठा मत्सरी आहे. बाकीची भांडी आपली कहाणी सांगायला बसली की काय गोड बोलतात! आम्ही झिजलो, आम्ही सेवा केली, आम्हाला कोणी विचारलं नाही. झिजलो तर मीही. पण त्याहून जास्त मी जळलो, आणि तेही एका बिस्किटाच्या डब्यावर. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

नेरळच्या बाजारात झाकीरभाईंचं भांड्यांचं दुकान होतं. तिथे मी माझ्या भावंडांबरोबर एकात एक बसलेला होतो. एके दिवशी पोशीरच्या साळवेआजी आल्या. त्यांच्या सुनीलचं लग्न ठरलं होतं. झाकीरभाईंनी मला बाहेर काढलं आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. "आवाज ऐका, मावशी. जाड बूड हाय. भात कधी लागायचा नाय." आजींनी मला पसंत केलं. मग झाकीरभाईंनी सुईच्या यंत्राने माझ्या अंगावर नाव घातलं. ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटली: 'सौ. विमल सुनील साळवे हिस सप्रेम भेट.' खूप टोचलं, पण मी हूं की चूं केलं नाही. दुकानातल्या त्या चळतीत नाव फक्त माझ्यावर होतं, आणि तेव्हापासून माझी मान जरा ताठच राहिली.

विमलबाई नेवाशाकडची. लग्न होऊन ती पोशीरच्या दोन खोल्यांच्या कौलारू घरात आली. सुनील माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता, आठवड्यातले पाच दिवस वर आणि दोन दिवस खाली. विमलबाईने ट्रंक उघडली. आधी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र निघालं, मग दोन साड्या आणि मग तो निघाला. लाल पत्र्याचा, बसका, झाकणावरची गुलाबाची फुलं अर्धी पुसलेली. माहेरचा बिस्किटाचा डबा. तिने तो तांदळाच्या पिंपाशेजारी, अगदी हाताशी ठेवला. मला मात्र खालच्या फळीवर, राखेच्या डब्याजवळ.

पहिल्याच दिवशी माझ्यात आधण चढलं. तिने पेल्याने तांदूळ मोजून सुपात घेतले, निवडले, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हणाली. मी वाफाळत वाट बघत होतो. आणि मित्रांनो, तिने सुपातले एक मूठ तांदूळ उचलले आणि त्या डब्यात टाकले! उरलेले मला.

आजींनी विचारलं, "हे काय गं, सूनबाई?"

"आमच्या आईची रीत हाय, आत्याबाई. जेवढ्यांदा भात टाकायचा तेवढ्यांदा आधी प्रभूची मूठ काढायची. रविवारी मंडळीत न्यायची."

आजींना फार आवडलं. त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. माझ्या तोंडची मूठ काढून त्या पत्र्याला द्यायची म्हणजे काय? नाव कोणावर घातलंय? आणि आच कोण सोसतंय?

दर रविवारी सकाळी विमलबाई भरलेला डबा कापडी पिशवीत घालून नेरळच्या चर्चात उपासनेला जायची. दुपारी यायची तेव्हा डबा रिकामा. मी स्वयंपाकघराच्या बाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. मग मी आपलं धरूनच चाललो की हा बकासुर आठवडाभर साठवतो आणि रविवारी बाहेर जाऊन सगळं एकटाच खातो. त्याला विचारलं तर बोलायचा नाही. मुका तो मुकाच. मला वाटायचं, काय माज आहे!

त्याच्या लाडाचं काय सांगू! मला राखेने आणि नारळाच्या शेंडीने खसाखसा घासायचे, त्याला मऊ फडक्याने पुसायचे. नाताळात त्याच्या झाकणावर चमकीच्या कागदाची चांदणी चिकटवायचे. रुचिता जन्मली, रांगायला लागली, तर ती पोर तो डबा खुळखुळवून त्या तालावर डुलायची. माझ्याजवळ एकदाच आली, बोट भाजलं, आणि सगळं घर माझ्यावर ओरडलं. "हात लावू नको गं त्या मेल्याला!" अहो, तापणं हेच तर माझं काम!

तरी ते दिवस बरे होते. घरात भात होता, कालवण होतं, संध्याकाळी दिवेलागणीला कुटुंबाची प्रार्थना व्हायची. विमलबाई भात ढवळताना गीत गुणगुणायची. त्या गीताला माझ्या बुडबुडण्याची साथ असायची आणि तेवढ्यापुरता मी डब्याला विसरायचो.

मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. माथेरान बंद झालं. घोडे बंद, गाडी बंद, हॉटेलं बंद. सुनील घरी आला तो महिनोन् महिने घरीच बसला. आजी त्याच साली गेल्या. सुपातले तांदूळ दोन पेल्यांवरून दीड पेल्यावर आले. मूठ मात्र तेवढीच निघायची.

पुढच्या पावसाळ्यात हॉटेल उघडलं. सुनीलला वर जायची घाई झाली. भर पावसात डोंगराच्या पायवाटेने खांद्यावर सामानाचं पोतं घेऊन निघाला आणि शेवाळावरून पाय सटकला. गुडघ्याचा चुरा झाला. एक शस्त्रक्रिया झाली, आत सळ्या बसल्या. हॉटेलवाल्यांनी थोडे दिवस वाट बघितली आणि दुसरा माणूस ठेवला. विमलबाई फार्महाऊसवर झाडूपोछा करायला जाऊ लागली. रुचिता पनवेलला नर्सिंग शिकत होती. सुनील खाटेवर पडून कौलं बघत बसायचा आणि जिभेला धार यायला लागली.

एके दिवशी सुपात एकच पेला तांदूळ होते. सुट्टीला रुचिता आलेली, म्हणजे खाणारी तोंडं तीन. मी मनात म्हटलं, आज काही ही मूठ काढायची नाही!

तिने काढली.

"विमल," सुनील आतून म्हणाला, "आपल्यालाच पुरत नाय आणि तू देवाला कसली मूठ घालतेस गं?"

"आपल्यालाच पुरत नाय म्हणून तर मूठच घालते. पुरत असतं तर पेला घातला असता."

"आणि तो काय देतोय? हा पाय देतोय?"

रुचिता हळूच म्हणाली, "आई, आजच्या दिवस राहू दे गं."

"आज राहिली तर उद्या हात उठायचा नाय, पोरी." एवढंच बोलून तिने डब्याचं झाकण लावलं.

मला सुनीलचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. माझी पोटातली आग कोणाला दिसत नव्हती, पण तेव्हापासून मी रोज एकच मागणं मागायला लागलो. ही मूठ बंद होऊ दे. तो डबा फुटू दे, गंजू दे, मरू दे. त्या घरात तीन माणसं सुनीलचा पाय मागत होती आणि मी दुसरंच.

दोन वर्षं अशी गेली. सुनीलचा पाय बसेना. आतल्या सळ्यांपाशी पू व्हायला लागला. दुसरी शस्त्रक्रिया ठरली. त्याआधी विमलबाईने सात शुक्रवार उपास-प्रार्थना केली. मंडळीतल्या बायकाही तिच्या घरी येऊन गुडघे टेकून गेल्या. तिने मनाशी पक्कं धरलं होतं की या खेपेला पाय बरा होणार. मलाही वाटलं, एवढं मागतेय तर मिळेल.

आषाढ होता. ती दुपारी दवाखान्यातून एकटीच आली, साडी निथळत होती. सुनीलला अजून चार दिवस ठेवणार होते. गुडघा आता वाकणार नाही, डोंगर चढायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारच्या तस्लीमभाभी चहा घेऊन आल्या. त्यांना विमलबाईने एवढंच सांगितलं. भाभी थोडा वेळ बसल्या आणि गेल्या.

मग तिने माझ्यात आधण ठेवलं. तांदूळ सुपात घेतले. डोळे मिटले नाहीत. सवयीने हात सुपात गेला, मूठ वळली, डब्याकडे निघाली आणि मधेच थांबली. किती वेळ तो हात तसाच हवेत होता! मग तिने ती मूठ माझ्यात सोडली.

माझ्यात! एकवीस वर्षांनी! मी असा उतू गेलो की गॅस विझायची वेळ आली.

तिने स्टूल घेतलं, डबा उचलला आणि माळ्यावर कौलाखाली पालथा घातला. तो तिथेही काही बोलला नाही. मी मात्र आतल्या आत नाचत होतो. आता ह्या घरात टोप एकच आणि मानही एकाचाच.

चार दिवस मी मोठ्या रुबाबात भात शिजवला. पाचव्या दिवशी सुनील घरी आला. ताटात भात वाढलेला बघून म्हणाला, "आज जास्त झाला गं भात."

विमलबाईने नुसतं कालवण वाढलं.

त्याने पिंपाकडे बघितलं. "डबा कुठं गेला?"

"माळ्यावर."

मला वाटलं, आता हा म्हणेल, बरं केलंस. इतकी वर्षं हाच तर टोचून बोलत होता. पण सुनीलचा हात ताटातच थांबला. "मी आपला वैतागून बोलायचो गं," तो म्हणाला. "तू ऐकशील असं नव्हतं वाटलं मला." आणि अर्धं ताट त्याने तसंच सरकवून ठेवलं.

त्यानंतर घराची रयाच गेली. दिवेलागणीची प्रार्थना थांबली. विमलबाई नेरळला जायची बंद झाली. शास्त्र फडक्यात गुंडाळलेलं होतं ते तसंच राहिलं. ती भात टाकायची आणि भिंतीकडे बघत बसायची. गीत नाही, गुणगुणणं नाही. मी एकटाच बुडबुडत राहायचो. आणि एके दिवशी ती अशीच बघत बसली असताना माझ्या बुडाशी भात लागला. झाकीरभाईंनी भरवसा दिला होता, कधी लागायचा नाही. तो करपून कोळसा झाला आणि मला दोन दिवस पाण्यात भिजत पडावं लागलं. पूर्ण माप मिळत होतं, मान मिळत होता, डबा नजरेआड होता, आणि मला जराही बरं वाटत नव्हतं. हे असं का, हे माझ्या जर्मनच्या डोक्यात शिरेना.

तीन महिने असे गेले. आश्विनात एका रविवारी दुपारी दारात हाक आली, "विमलबाई, हाय का घरात?"

गोदूबाई होत्या. नेरळच्या मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या. काखेत मोठं गाठोडं. त्यांनी ते धापा टाकत ओट्यावर, अगदी माझ्या शेजारी ठेवलं.

"मंडळीनं पाठवलंय. तांदूळ हायेत. सुनीलच्या दुखण्यापायी."

विमलबाईने गाठोड्याला हातही लावला नाही. "गोदूमावशी, मला नाय चालायचे हे. तीन महिने मी मूठ नाय काढली."

"ते कळलंच की. डबा येईना आणि तूबी येईना."

"मी देवावर रागावलेय, मावशी." ती गाठोड्यापासून मागे सरली. "एकवीस वर्षं मूठ घातली. एक पाय मागितला मी. एकच."

म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली. तिने उपदेश केला नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "रागाव की. त्यात काय? माझा मालक गेला तवा मी चार वर्सं रागावले व्हते. देवळाची पायरी नाय चढले. पण चूल तर पेटायची. कशावर पेटायची, ठाऊक हाय तुला? ह्याच तांदळावर. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी गाठोडं टाकून जायचं दारात. माझा विश्वास नव्हता तवा तुमी बायकांनी तुमच्या मुठींवर धरून ठेवला गं तो. तुझीबी मूठ व्हती त्यात. मी खाल्लीय तुझी मूठ."

मित्रांनो, मी ओट्यावर होतो म्हणून बरं. फळीवर असतो तर खाली पडलो असतो. म्हणजे डबा खात नव्हता! एक दाणासुद्धा त्याच्या पोटात राहिला नव्हता! ते तांदूळ असे दारोदार जात होते आणि मी त्याला बकासुर म्हणत होतो. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे कळलं नाही, आणि तो बिचारा बोलू शकत नव्हता.

गोदूबाई गेल्यावर विमलबाईने गाठोडं सोडलं. असे तांदूळ मी कधी बघितले नव्हते. बारीक, जाड, तुटके, रेशनचे, लालसर उकडे, कोणाच्या तरी घरचे वासाचे, सगळे एकात एक. तिने सुपात घेतले आणि निवडायला लागली. निवडता निवडता रडायला लागली. सुनील काठी टेकत दारात येऊन उभा राहिला. मग तिचा हात सुपात गेला आणि मूठ वळली.

आता खरं सांगू? मला सगळं कळलं होतं, तरी माझ्या पोटात दुखलंच. दान म्हणून आलेल्या तांदळातूनसुद्धा मूठ? ही बाई कधी सुधारायची नाही, असं मनात आलंच. खोड अशी एका दुपारी जात नाही.

एका हाताची मूठ मिटलेली ठेवून ती स्टुलावर चढली. दुसऱ्या हाताने डबा ओढला, आणि त्याचं बूड माळ्यावरच राहिलं. तीन महिने कौलातून गळलेल्या पाण्यात पत्रा कुजला होता. हातात आलं ते नुसतं रिंगण आणि गंजाचा भुगा.

"आईचा डबा होता," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

तो फुटू दे, गंजू दे, असं दोन वर्षं कोणी मागितलं होतं? माझं ते मागणं तेवढं अगदी बिनचूक पुरं झालं होतं. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मूठ तिने एका वाटीत ठेवली. बाकीचे तांदूळ माझ्यात वैरले. काय सांगू, त्या भाताने माझी परीक्षा बघितली! बारीक शिजून लगदा व्हायला आला तरी उकडा टणक. तिने तीनदा पाणी घातलं, आच कमी केली, झाकण ठेवून थांबली. अर्धा तास आम्ही दोघं त्या तांदळापाशी होतो. शेवटी सगळे शिजले, आपापल्या वेळेने. सुनीलने पहिला घास घ्यायच्या आधी हात जोडले. "प्रभू," म्हणाला आणि गप्प बसला. विमलबाई म्हणाली, "आमेन."

सुनीलचा पाय बरा झाला नाही, मित्रांनो. मी खोटं सांगणार नाही. तो गुडघा आजही वाकत नाही. तो पोशीरच्या नाक्यावर उंच स्टुलावर बसून भजी तळतो, आणि भजी मात्र हॉटेलसारखी करतो. विमलबाई पुन्हा रविवारी जायला लागली. कधी गीत म्हणते, कधी नुसतीच बसून येते असं म्हणते.

पुढे रुचिताला पनवेलला नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात तिने आईसाठी कुकर आणला. चकचकीत, काळ्या दांड्याचा, शिट्टीवाला. आणि माझ्या बुडाला तेव्हाच सुईएवढं भोक पडलेलं. दोनदा बुजवलं होतं, तरी पाणी गळायचं. भंगाराची गाडी घेऊन झुहेब गल्लीत आला, तशी रुचिताने मला त्याच्यापुढे ठेवलं. त्याने मला उलटं केलं, बुडातून सूर्याकडे बघितलं. "आता काही कामाचा नाय हा, काकी."

विमलबाईने त्याच्या हातातून मला काढून घेतलं. ठिपक्याठिपक्यांच्या नावावरून अंगठा फिरवला. "ह्याच्यात पाणी नाय राहात. तांदूळ राहतील की. दे इकडं."

आणि तिने मला पिंपाशेजारी, हाताशी, त्या लाल डब्याच्या जागेवर ठेवलं.

आता माझ्यात आधण चढत नाही. दिवसातून दोनदा एक मूठ पडते. पहिल्या रविवारी ती मला पिशवीत घालून नेरळला घेऊन गेली. पोशीरला आल्यापासून पहिल्यांदा मी गावाबाहेर पडलो. मंडळीच्या दाराशी एक पोतं उघडं ठेवलेलं होतं. बायका रांगेने येत होत्या. कोणाकडे दुधाच्या पावडरीचा डबा, कोणाकडे तपेली, गोदूबाईंकडे श्रीखंडाची प्लॅस्टिकची डबी. मी मान ताठ केली. म्हटलं, कोणीतरी माझं नाव वाचेल. कोणी वाचलं नाही. विमलबाईने मला पालथं केलं, बुडावर थाप मारली आणि माझे तांदूळ त्या ढिगात पडले. मी ते शोधत राहिलो. नाव माझ्यावर होतं, तांदळावर कोणाचंच नव्हतं. ते गाठोडं त्या आठवड्यात लोधिवलीला कोणाकडे तरी गेलं एवढं ऐकलं.

घरी येताना मी रिकामा होतो, आणि तेव्हा मला तो लाल डबा आठवला. दर रविवारी असाच रिकामा होऊन तो परत यायचा आणि फळीवरून माझ्या शिव्या खायचा.

मित्रांनो, तुमच्या घरात असं एखादं मुकं भांडं असेल, किंवा माणूस असेल, त्याला रागाच्या भरात माळ्यावर पालथं घालून विसरू नका. आपल्याकडच्या पावसात पत्रा फार लवकर कुजतो. आणि घालवलंच चुकून, तर निदान ते जे काम करत होतं ते थांबू देऊ नका. माझ्यासारखं भोक पडलेलं भांडंही त्याला चालतं.

आता तो नवा कुकर रोज सकाळी झाकण उघडून वाट बघत बसतो. विमलबाई आधी माझ्यात मूठ टाकते आणि मग उरलेले त्याला. तो मला कसा बघतो, मला माहीत आहे. त्याला वाटतं मी खातो. त्याला समजावून सांगायचं फार मनात येतं, पण टोपाला कुकरशी बोलता येत नाही, जसं डब्याला माझ्याशी येत नव्हतं. ऐका, पुन्हा शिट्टी झाली. संतापलाय बिचारा. जळू दे. कळेल त्यालाही, एकवीस वर्षांनी.